अनुदानाची शिडी आणि आमची ग्रामसभा

(बी. ए. भाग दोन, राज्यशास्त्र)

सेमाडोहहून परतवाड्याकडे किंवा धारणीकडे एस. टी. ने जाताना वाटेवरच्या गावांत ठिकठिकाणी फलक दिसतात. कामाचे नाव, योजनेचे नाव, मंजूर रक्कम आणि काम पूर्ण झाल्याचे वर्ष असा मजकूर त्यांवर असतो. कोठे सभामंडप, कोठे सिमेंटचा रस्ता, तर कोठे पाण्याची टाकी. परंतु हेच काम आधी व्हावे, असे कोणी ठरविले, हे मी पाहिलेल्या एकाही फलकावर लिहिलेले नव्हते. शासनाचे अनुदान गावात आले म्हणजे गाव सुधारले, असे आपण समजतो. अनुदान आले कोणाच्या विचाराने आणि खर्च झाले कोणाच्या संमतीने, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

शिडीची कल्पना

हा प्रश्न केवळ आपल्या देशातील नाही. अमेरिकेतील मोठ्या शहरांत गरिबांच्या, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या, वस्त्या दैन्यावस्थेत होत्या. त्यांच्या सुधारणेसाठी १९६४ साली तेथे दारिद्र्यविरोधी कायदा झाला आणि १९६६ साली ‘मॉडेल सिटीज’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वस्तीला सरकारने पैसा द्यावा आणि योजना आखताना वस्तीतील लोकांचा सहभाग घ्यावा, असे त्यात ठरले होते. पण ‘सहभाग’ या शब्दाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला. शेरी अर्नस्टाइन या विदुषी त्या सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास खात्यात लोकसहभागाच्या सल्लागार होत्या. हा सगळा प्रकार त्यांनी जवळून पाहिला आणि १९६९ साली एक लेख लिहून लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली.

या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागच नसतो. लोकांना नुसते बसवून घेतात, किंवा दोष तुमच्यातच आहे असे सांगून त्यांची समजूत काढतात. त्यावरच्या तीन पायऱ्या म्हणजे माहिती देणे, मत विचारणे आणि एखाददुसऱ्याला समितीवर घेऊन खूष ठेवणे. येथे लोकांचे ऐकून घेतले जाते, पण ऐकलेच पाहिजे असे बंधन कोणावर नसते. सर्वांत वरच्या तीन पायऱ्या भागीदारी, सोपविलेला अधिकार आणि लोकांचे नियंत्रण या होत. निर्णय घेण्याची सत्ता लोकांच्या हाती किती गेली, या एकाच मापाने अर्नस्टाइनबाईंनी सहभाग मोजला. हे माप आपल्या गावालाही लावून पाहता येईल.

शहरातील वस्ती आणि गावातील सभा

आमच्या मेळघाटातील कितीतरी कुटुंबे कामासाठी परतवाडा, अमरावती, अकोला येथे जातात आणि विटाभट्टीवर किंवा शहराच्या कडेच्या झोपडपट्टीत राहतात. अशा वस्त्यांसाठीही योजना झाल्या. १९९६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय झोपडपट्टी विकास कार्यक्रम सुरू केला. १९९७ सालच्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेत शेजारगट व वस्तीपातळीवरील समित्या यांची रचना होती. हेतू चांगलाच होता. परंतु गाव आणि शहर यांत घटनेनेच एक फरक ठेवला आहे. १९९२ साली संसदेने ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली. ७३ व्या दुरुस्तीने गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्तीला ग्रामसभेचे सदस्य केले. ७४ व्या दुरुस्तीने शहरासाठी सर्व मतदारांची अशी सभा सांगितली नाही. ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, एवढेच बंधन घातले. अमरावती व अकोला ही शहरे या मर्यादेत बसतात, अचलपूर-परतवाडा बसत नाही. म्हणजे आमचा माणूस गावी असतो तेव्हा घटनेने त्याला सभा दिलेली असते. शहराच्या वस्तीत उतरला की ती सुटते. तेव्हा आपल्याजवळ जी सभा आहे तिचे मोल आपण अधिक जाणले पाहिजे.

पाच टक्के निधी

मेळघाटातील चिखलदरा व धारणी हे दोन तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. अशा क्षेत्रांसाठी डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने एक स्वतंत्र कायदा केला. ‘पेसा’ या नावाने तो आपल्याकडे ओळखला जातो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. या कायद्याप्रमाणे गाव म्हणजे केवळ महसुली दप्तरातील गाव नव्हे. आपल्या परंपरेप्रमाणे आपला कारभार चालविणारी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह हेही गाव होय. गटग्रामपंचायतीच्या एका टोकाला पडलेल्या ढाण्यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

या कायद्यातील दोन कलमे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. एक, विकासाची कोणतीही योजना गावात राबविण्यापूर्वी ग्रामसभेने ती मंजूर केली पाहिजे. दुसरे, त्या योजनेवर खर्च झालेल्या पैशाचे विनियोग प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घेतले पाहिजे. कामाचा आरंभ आणि कामाचा शेवट अशा दोन्ही किल्ल्या कायद्याने लोकांच्या हातात दिल्या आहेत.

त्यापुढे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने आणखी एक पाऊल टाकले. आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकी ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट द्यावी असा निर्णय झाला. हा ‘अबंध’ निधी, म्हणजे अमुकच कामाला वापरा असे वरून बांधून न दिलेला निधी होय. गावाच्या पायाभूत सोयी, वनहक्क व पेसा कायद्यांची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आणि वने, वन्यजीव व जलसंधारण असे चार विषय ठरवून दिले. त्यांतील कोणते काम घ्यावयाचे हे ग्रामसभेने ठरवावयाचे. राज्यातील १३ जिल्ह्यांत हे अनुसूचित क्षेत्र पसरलेले आहे. अर्नस्टाइनबाईंच्या शिडीवर पाहिले तर कागदावर आम्ही सातव्या पायरीवर, म्हणजे सोपविलेल्या अधिकाराच्या पायरीवर उभे आहोत. प्रत्यक्षात कोठे उभे आहोत, ते आता पाहू.

एक अनुभव

माझ्या मामाचे गाव मेळघाटातच आहे. गावाचे नाव येथे देत नाही, कारण असा प्रकार त्या एकाच गावात घडत असेल असे मला वाटत नाही. सुटीत मी तेथे असताना एक माणूस नोंदवही घेऊन घरी आला आणि मामीला अंगठा मागू लागला. मामीने विचारले, “कायचा अंगठा होय, भाऊ?” तो म्हणाला, “सभेची हजेरी आहे, मावशी.” मामी म्हणाली, “सभा कवा झाली?” त्यावर तो हसला, आणि मामीने अंगठा दिला. त्या पानावर वर काय लिहिले होते ते मी वाचले. गावातील गल्लीत गट्टू बसविण्याचा तो ठराव होता. मामीच्या खालच्या ढाण्यातील हातपंप त्या वेळी दोन महिने बंद होता आणि बायका नाल्यातील झिऱ्यावरून पाणी आणीत होत्या.

मामी अडाणी आहे म्हणून हे घडले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पाणी कोठे नाही हे तिला पक्के ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते एवढेच, की त्या कागदावर तिचा अधिकार आहे. त्यात भाषेची अडचण आहेच. आम्ही घरी कोरकू बोलतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीशी तिचे नाते नाही. ठराव मात्र मराठीत, तोही कचेरीच्या मराठीत लिहिला जातो. त्या दिवशी मी पाच टक्के निधीची माहिती मामीला कोरकूत सांगितली. तिने ती विहिरीवर दहा जणींना सांगितली. ग्रामसभेच्या अगोदर महिलांची सभा घ्यावी असा आपल्या राज्यात नियम आहे. पुढच्या खेपेस त्या बायका महिला सभेला गेल्या आणि मागील खर्चाचा हिशेब वाचून दाखवा म्हणाल्या. हिशेब वाचला गेला. गट्टूचे काम होऊन गेले होते, ते परत फिरले नाही. पण नव्या आराखड्यात हातपंपाची दुरुस्ती पहिल्या क्रमांकावर लिहिली गेली आणि पावसाळ्यापूर्वी पंप सुरू झाला. ही फार मोठी गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. मात्र त्यानंतर नोंदवही घेऊन कोणी मामीच्या दारात आलेले नाही.

पायविहीरचे उदाहरण

लोकांच्या हाती अधिकार गेला तर ते पैसा उडवून टाकतील, अशी शंका काढणारे पुष्कळ असतात. त्यांनी अचलपूर तालुक्यातील, मेळघाटच्या पायथ्याचे पायविहीर हे गाव पाहावे. २००६ सालच्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. हाती आलेली टेकडी जवळजवळ उजाड होती. ग्रामसभेने रोजगार हमीच्या कामांतून तेथे माती अडविली, पाणी अडविले, झाडे लावली आणि राखली. त्यातून गावातच मजुरी मिळाली. पुढे तेथील सीताफळे गावाने स्वतः विकली. २०१४ साली या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. येथे रोजगार हमीचा पैसा इतर गावांना मिळत होता तोच होता. फरक एवढाच की जमिनीवरचा हक्क आणि कामाचा निर्णय ही दोन्ही गावाच्या हाती होती.

अडचण आणि एक सूचना

ग्रामसभेला लोक येत नाहीत, ही तक्रार नेहमी ऐकू येते. ती खोटी नाही, परंतु तिचे कारण आळस हे नव्हे. आमच्याकडे पिके निघाली की माणसे खाली वऱ्हाडात कामाला उतरतात. २६ जानेवारी हा ग्रामसभेचा ठरलेला दिवस. त्या दिवशी अर्धे घर भट्टीवर किंवा शेतमालकाच्या वावरात असते. एक दिवसाची मजुरी बुडवून आणि गाडीभाडे खर्चून सभेला येणे कोणाला परवडेल?

पण कोरकू माणूस कोठेही असो, होळीला तो गावी परततो. होळी बहुधा मार्च महिन्यात येते आणि शासनाचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा हिशेब ऐकावयास आणि पुढील वर्षीचे काम ठरवावयास याहून योग्य आठवडा कोणता? ठरलेल्या चार दिवसांशिवाय अधिक सभा घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. म्हणून होळीच्या आठवड्यात प्रत्येक ढाण्याने आपली सभा भरवावी, हिशेब कोरकूत वाचावा, आणि तो समजल्याखेरीज विनियोग प्रमाणपत्रावर कोणीही सही करू नये, अशी माझी नम्र सूचना आहे.

यात आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना काम आहे. आपल्या महाविद्यालयात आमच्या भागातून येणारे कितीतरी जण घरातील पहिलेच शिकणारे आहेत. शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ घरच्या भाषेत सांगणे एवढे तरी आपणांस खचित जमेल. त्यासाठी पुढारी होण्याची गरज नाही. यंदा होळीला गावी जाल तेव्हा पंचायतीत जाऊन गेल्या वर्षीच्या पाच टक्के निधीचा हिशेब मागा आणि तो आपल्या मायबापांना वाचून दाखवा. मीही सेमाडोहला तेच करणार आहे.