मनीला दूध घातलंस का?

तुमची लेक या ऑक्टोबरात शिकायला जर्मनीला निघाली असेल, तर सध्या तुमच्या घरात काय चाललंय ते मला नीट माहीत आहे. बॅगेचं वजन तीनदा झालं असेल. मेतकूट काढून ठेवलं असेल आणि पुन्हा भरलं असेल. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरून झाले असतील. आणि रात्री दिवा मालवल्यावर तुम्ही दोघंही टक्क जागे असाल.

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी माग्डेबुर्गला गेली. पहिल्या हिवाळ्यात ती ज्या खोलीत राहायची, त्या घराचा मालक न विचारता स्वतःच्या किल्लीने आत यायचा. एकदा ती आंघोळ करून बाहेर आली, तर हा स्वयंपाकघरात उभा. ती मैत्रिणीकडे राहायला गेली, विद्यापीठात जाऊन बोलली, महिन्याभरात दुसरी खोली मिळवली. मला हे कळलं मार्चमध्ये. मधल्या काळात आम्ही रोज बोलत होतो. जेवलीस का, थंडी किती आहे, स्वेटर घातलास का.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू म्हणाली असतीस, परत ये."

म्हणालेच असते. तिच्या बाबांनी तर तिकीटही काढलं असतं. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट बोचते आहे: माझी पोर परक्या देशात भ्यायली, आणि त्या भीतीत तिला आमचीही भीती वाटली. म्हणून विमानतळावर जायच्या आधी, घरीच, शांतपणे बसून तिला एवढं सांगा: "काहीही झालं तरी आधी आम्ही ऐकून घेऊ. काय करायचं ते तू ठरव." आणि असं सांगितलंत तर ते पाळा. पहिल्याच तक्रारीला "मी म्हटलं नव्हतं?" आलं, की दुसरी तक्रार तुमच्यापर्यंत येणार नाही.

घराबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण रस्त्यापेक्षा मला घराची धास्ती अधिक वाटते. खोल्यांची टंचाई असते, मुली घायकुतीला येतात आणि भामट्यांना ते ठाऊक असतं. "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल," असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही, असा तिथला कायदा आहे. आणि भाडेकरूच्या संमतीशिवाय घरमालकाला आत पाऊल टाकता येत नाही, हाही कायदाच. माझ्या मुलीला हे तेव्हा माहीत नव्हतं. "परक्या देशात आपण काय बोलणार" असं म्हणून तिने दोन वेळा सोडून दिलं होतं. ज्या मुली ओ-पेअर म्हणून एखाद्या कुटुंबात राहायला जातात, त्यांचं काम आणि घर एकाच छताखाली असतं. त्यांच्याजवळ बिनसलं तर त्याच रात्री जाता येईल असा एक तरी पत्ता हवा. पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला द्यायचा नाही, तो कितीही प्रेमाने मागितला तरी.

डिसेंबरात तिकडे चारच्या सुमारास अंधार पडतो. लायब्ररीतून पाचला निघणारी मुलगीसुद्धा काळोखातूनच घरी येते, तेव्हा "सातच्या आत घरात" हा आपला नियम तिथे काही कामाचा नाही. कितीतरी पालक मुलीचं लोकेशन दिवसरात्र बघत बसतात. मीही बघायचे. पण ठिपका भलत्या रस्त्याला लागला, तर नाशिकात बसून मी काय करणार? लोकेशन दहा मिनिटांत पोहोचू शकेल अशा तिथल्या मैत्रिणीकडे असावं. आपल्याकडे त्या मैत्रिणीचा नंबर असला म्हणजे झालं.

तिच्या फोनमध्ये तीन नंबर हवेतच: ११० पोलीस, ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमन. तिसरा नंबर फारसा कुणाला माहीत नसतो, ११६ ०१६. अत्याचार, पाठलाग, जबरदस्ती, कशाबद्दलही बाईने तिथे फोन करावा. तो फुकट असतो, चोवीस तास चालू असतो, नाव सांगावं लागत नाही, आणि जर्मन येत नसेल तर दुभाषी मिळतो.

म्युन्स्टर शहरात २०१६ मध्ये एक मोहीम सुरू झाली. रेस्टॉरंटमध्ये, बारमध्ये एखाद्या मुलीला असुरक्षित वाटलं, तर तिने काउंटरवर जाऊन एवढंच विचारायचं, "लुइझा आहे का?" तिथली माणसं काही न विचारता तिला आत नेतात, टॅक्सी बोलावतात. पुढे ही मोहीम इतर शहरांतही पसरली. मुलीकडून हे ऐकलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. न सांगता सांगता येईल अशी एक जागा कुणीतरी करून ठेवली होती.

आम्हीही आमची एक लुइझा केली. आमच्या घरी मांजर नाही. तिने फोनवर "मनीला दूध घातलंस का?" असं विचारलं, की समजायचं, तिला मोकळेपणी बोलता येत नाहीये, फोन ठेवायचा नाही. हे वाक्य उलटही चालतं. "तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे, पैसे भरा," असे खोटे फोन आईवडिलांना येतात, आणि आता तर आवाजाचीही नक्कल होते. अशा वेळी पलीकडच्या मुलीला मांजराचं नाव विचारायचं.

गेल्या नोव्हेंबरात रात्री दीडला फोन वाजला. तिकडे नऊ वाजले होते. "आई, मनीला दूध घातलंस का?" मी उठून बसले. हेही उठले. काय झालं, कोण आहे, कुठे आहेस, सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, "घातलं गं. पण आज तिने सांडवलंय बघ सगळं." आणि त्या नसलेल्या मांजराबद्दल बोलत राहिले. ट्रामचा आवाज आला, मग पावलांचा, मग जिन्याचा. बावीस मिनिटांनी किल्ली फिरल्याचं ऐकू आलं, आतून कडी लागली.

"आले गं घरी," ती म्हणाली, आणि मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं.