गाडी बुटकी झाली आणि दिवे रुसले

हिवाळ्यात रात्री साताऱ्याहून सांगलीला निघालात तर कराड, पेठ नाका, आष्टा या वाटेवर तुम्हांला उसाने भरलेल्या गाड्या हटकून भेटतील. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मधूनच एखादी बैलगाडी. पुष्कळांच्या मागे लाल दिवा नसतो आणि परावर्तक पट्टी असलीच तर ती चिखलाने माखलेली. अशा वेळी समोरची गाडी आपल्याला किती अंतरावरून दिसते, हा केवळ पुस्तकी प्रश्न राहत नाही.

गेल्या हिवाळ्यात याच रस्त्याने माझा भाचा आपल्या आईला घेऊन सांगलीला लग्नासाठी आला आणि उतरल्याबरोबर म्हणाला, "मामा, डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतोय. पण गंमत म्हणजे मी एकटा असलो की लागत नाही. आई मागे बसली की लागतो!" दिव्यावरचे चित्र होते पुढच्या दिव्याचे आणि शेजारी वर-खाली बाण. साताऱ्यात एकाने फ्यूज बदलून पाहिला होता. दुसऱ्याने त्याहून सोपा उपाय सुचवला होता, तो पिवळा दिवाच काढून टाकण्याचा. ताप आला म्हणून तापमापी फोडण्यातला हा प्रकार. भाच्याने तो ऐकला नाही, हे त्याचे नशीब.

आणखी एक गोष्ट त्याने जरा आडून आडून सांगितली. महिन्यापूर्वी त्याने हौसेने गाडीच्या चारही स्प्रिंगा बदलून आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या. गाडी पुढून-मागून सारखीच, बरोबर ४ सें. मी. खाली बसली होती. गाडी बुटकी दिसली की ती वेगवान वाटते, असा तरुण मंडळींचा समज असतो.

दिवे पुढे, स्प्रिंगा खाली. दोहोंचा संबंध काय? तो समजण्यासाठी आधी दिव्यांची दिशा कशी ठरवतात ते पाहू.

गाडीचा खालचा झोत, ज्याला आपण डिपर म्हणतो, तो अगदी आडवा नसतो. तो किंचित खाली झुकवलेला असतो, साधारण १ टक्का. म्हणजे १० मीटर पुढे गेल्यावर झोताची वरची कड १० सें. मी. खाली येते. दिवा जमिनीपासून ६५ सें. मी. उंच असेल तर ही कड ६५ मीटरवर जमिनीला टेकेल. आता मागच्या सीटवर तीन माणसे बसली, डिकीत पोती टाकली, आणि गाडीचे मागचे टोक ४ सें. मी. खाली गेले असे समजा. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २६० सें. मी. धरले, तर गाडीचे नाक ४ भागिले २६०, म्हणजे सुमारे १·५४ टक्के वर उचलले जाईल. झोत १ टक्का खाली होता, तो आता ०·५४ टक्के वर गेला. शंभर मीटरवर त्याची उंची किती? ६५ अधिक ५४, म्हणजे ११९ सें. मी. समोरून येणाऱ्या मोटारचालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात! मागे चार सेंटिमीटरची दबणूक आणि समोरच्याच्या डोळ्यांपुढे अंधारी, असा हा हिशोब आहे.

म्हणून पुष्कळ गाड्यांत सुकाणूजवळ ०, १, २, ३ असे आकडे असलेली एक छोटी चकती असते. मागे वजन वाढले की चालकाने ती फिरवून झोत खाली घ्यायचा. आपल्याकडे ती फिरवणारा चालक मी फार क्वचित पाहिला आहे. हे काम आपोआप व्हावे ही कल्पना मात्र जुनी आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीच्या डी. एस. या मोटारीत १९६७ मध्ये चाकांच्या निलंबनाला जोडलेले, स्वतःची पातळी सांभाळणारे दिवे आले. पुढे झेनॉनसारखे प्रखर दिवे आले तसतशी ही सोय गरजेची झाली. भाच्याच्या गाडीत ती होती.

गाडीच्या मागच्या चाकाजवळ, सांगाड्यावर, एक काडेपेटीएवढा संवेदक बसवलेला असतो. त्यातून एक छोटा दांडा आडवा बाहेर येतो. दांड्याचे टोक एका उभ्या काडीने चाक धरणाऱ्या आर्मला जोडलेले असते. गाडी दबली की आर्म सांगाड्याच्या जवळ येतो, काडी वर ढकलली जाते आणि दांडा फिरतो. दांडा किती अंश फिरला हे संवेदक विद्युतदाबाच्या रूपाने कळवतो. आत बहुधा एक चुंबक आणि अर्धवाहकाची चकती असते. वाहत्या विद्युतप्रवाहाला आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की कडांमध्ये विभवांतर निर्माण होते, हे एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यावर दाखवले होते. तोच हा हॉल परिणाम. मिळालेला विद्युतदाब पाहून नियंत्रक दिव्यांमागील लहान मोटर फिरवतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या यंत्रणेला रस्ता दिसत नाही आणि झोतही दिसत नाही. तिला कळतो तो फक्त एका दांड्याचा कोन.

मी भाच्याला प्रथम सपाट जागी, एका भिंतीसमोर गाडी उभी करायला लावली. मागे कोणी नाही, पिवळा दिवा विझलेला. दिव्यांपासून भिंत ५ मीटर. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर नोंदवली आणि झोताची वरची कड त्याच्या किती खाली पडते ते पट्टीने मोजले. १ टक्क्याने ती ५ सें. मी. खाली हवी. भरली सुमारे साडेबारा सें. मी.! म्हणजे झोत १ नव्हे, अडीच टक्के खाली झुकला होता.

कारण आता तुम्हांला दिसू लागले असेल. गाडी पुढून-मागून सारखीच खाली आली, तेव्हा ती कलली मुळीच नाही. पण संवेदक फक्त मागे आहे. त्याला मागचे टोक ४ सें. मी. दबलेले 'कळले' आणि मागे तीन माणसे बसली अशा समजुतीने नियंत्रकाने झोत आणखी १·५४ टक्के खाली ओढला. दिव्याची उंची आता ६१ सें. मी. तिला २·५४ टक्क्यांनी भागा. झोत २४ मीटरवर जमिनीला टेकतो.

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १६·७ मीटर. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा: १६·७ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ७ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मंदन मिळाले तर थांबायला आणखी जवळजवळ २० मीटर लागतात. एकूण ३६ मीटरांहून थोडे अधिक. आणि उजेड आहे २४ मीटर! हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा माझी बहीण काही न बोलता आत निघून गेली. पिवळा दिवा विझलेला असतानाही भाचा महिनाभर असाच गाडी चालवत होता.

मग मागे कोणी बसले की दिवा का लागे? दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवून आम्ही मोजमापे घेतली. (जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही मात्र कधीही शिरू नका.) संवेदकाचा दांडा ४ सें. मी. लांब. काडी आर्मच्या मधोमध जोडलेली, त्यामुळे चाकाजवळ ४ सें. मी. फरक पडला तर काडी २ सें. मी. सरकते. म्हणून दांड्याच्या कोनाचा साइन २/४, म्हणजे अर्धा. कोन कोणता ते दहावीच्या मुलांना सांगायला नको: ३० अंश.

दांडा आडवा असताना या संवेदकाचा दाब २·५ व्होल्ट असतो आणि तो दर अंशाला ०·०५ व्होल्टने बदलतो. ३० अंशांना ४ व्होल्ट व्हायला हवेत. मल्टिमीटरने जवळपास तेवढेच दाखवले. मग मागे एक माणूस बसवला. चाकाजवळ गाडी सुमारे १·२ सें. मी. दबली, काडी ०·६ ने वर गेली. साइन झाला २·६/४, म्हणजे ०·६५. कोन साडेचाळीस अंश. दाब ४·५ व्होल्टच्या किंचित वर. अशा यंत्रणांत ०·५ ते ४·५ व्होल्ट हीच खरी बातमी मानतात. त्याबाहेरचा आकडा म्हणजे तार तुटली किंवा कोठेतरी चिकटली, असे नियंत्रक धरतो, पिवळा दिवा लावतो आणि झोत वर चढू देत नाही. सर्व भाग धडधाकट असूनही यंत्रणा दोष दाखवत होती, कारण तिने चालायला सुरुवात करायची ती जागाच सरकली होती.

उपाय दोन. एक, जुन्या स्प्रिंगा परत बसवणे. दुसरा, काडी २ सें. मी. आखूड करून दांडा पुन्हा आडवा करणे. मिस्त्रींनी आटे पाडलेली, लांबी बदलता येणारी काडी बसवली. मल्टिमीटरचा आकडा २·५ वर आला आणि मागे माणूस बसूनही पिवळा दिवा लागेना. भाचा निघायच्या तयारीत! पण नियंत्रकाला नवे शून्य अजून सांगितलेले नव्हते. ते गॅरेजच्या संगणकावरून भरले आणि गाडी पुन्हा भिंतीसमोर आणली. कड ५ सें. मी. खाली पडली, तेव्हाच मी त्याला सोडले. ज्या गाड्यांत पुढेही संवेदक असतो तेथे दोन्ही काड्या बदलाव्या लागतात.

मला विचाराल तर पहिला उपाय बरा. आखूड स्प्रिंगांवर चाकाला वर-खाली व्हायला वाव कमी उरतो आणि आपल्याकडचे गतिरोधक कसे असतात ते तुम्ही जाणताच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. भाचा अजून विचार करतो आहे.

तुमच्या घरी किंवा शेजारी आकड्यांची चकती असलेली मोटार असेल तर मोठ्या माणसाला चालकाच्या जागी बसवून भिंतीचा प्रयोग करून पाहा. चकती ० वर ठेवून कडेची उंची मोजा, मग १, २, ३ वर. प्रत्येक वेळी झोत किती टक्के खाली गेला ते काढा. नंतर चकती ० वर आणून मागे तिघांना बसवा, कड किती वर चढते ते मोजा, आणि ती मूळ जागी आणायला चकतीचा कोणता आकडा लागतो ते शोधा. जाता जाता एक उदाहरण: गाडीच्या चाकांतील अंतर २४० सें. मी., दिव्याची उंची ६० सें. मी., झोत १ टक्का खाली. मागचे टोक ३ सें. मी. दबले, तर झोत जमिनीला कोठे टेकेल?