कोंबड्यांवरील प्रयोग : पक्षी मोजावेत की खुराडी?

कोंबड्यांनी एकमेकींची पिसे टोचून उपटणे ही कुक्कुटपालनातील नेहमीची तक्रार आहे. चोचीला दुसरे काम मिळाल्यास ही खोड कमी होते, म्हणून खुराड्यात लसूणघासाच्या जुड्या टांगण्याचा उपाय सुचविला जातो. तो पारखण्यासाठी एखादा शेतकरी दोन खुराड्यांत प्रत्येकी ५० कोंबड्या ठेवतो व एकातच जुड्या टांगतो. महिनाअखेर त्या खुराड्यात पिसे गेलेल्या कोंबड्या कमी आढळल्या, तर १०० पक्ष्यांवर प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येईल काय?

तसे म्हणता येत नाही. एका खुराड्यातील ५० कोंबड्या हे ५० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकीने टोचणे सुरू केले की इतर तिचे अनुकरण करतात. शिवाय ऊन, उजेड व दाटी यांचा परिणाम त्या सर्वांवर एकत्रच होतो. उपाय खुराड्याला केला, म्हणून मोजणीचे एककही खुराडेच होय. एकाच खुराड्याची नोंद दहा दिवस घेतल्यानेही दहा पुरावे होत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला 'आभासी पुनरावृत्ती' या अर्थाचे नाव दिले.

प्रयोगाची योग्य रीत पुढीलप्रमाणे आहे :

१. पाच शेतकऱ्यांकडे प्रत्येकी दोन सारखी खुराडी निवडावीत. जोडीतील कोंबड्यांची जात, वय, संख्या व खाद्य सारखे असावे.

२. जुड्या कोणत्या खुराड्यात टांगावयाच्या हे प्रत्येक ठिकाणी नाणे उडवून ठरवावे. आवडीने निवड करू नये. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात अशा यादृच्छिक वाटपावर भर दिला आहे.

३. कोंबड्या बाहेर आणून तपासाव्यात. तपासणाऱ्यास त्या कोणत्या खुराड्यातील आहेत हे ठाऊक नसावे.

४. प्रत्येक खुराड्यातील पिसे गेलेल्या कोंबड्यांची टक्केवारी काढावी व जोडीतील दोन आकड्यांची तुलना करावी.

उपाय निरुपयोगी असला, तरी एका जोडीत जुड्यांचे खुराडे केवळ योगायोगाने सरस ठरण्याचा संभव दोनांत एक असतो. पाचही जोड्यांत तसे घडण्याचा संभव मात्र ३२ मध्ये एक इतकाच राहतो. पहिल्या निकालावर शेतकऱ्यास खर्चात पाडणे योग्य नव्हे. दुसरा निकाल विचारात घेण्याजोगा आहे. यास्तव कोणत्याही उपायाची शिफारस करण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी 'किती कोंबड्या?' असे न विचारता 'किती खुराडी?' असे विचारावे.