नव्या मधमाश्यांचें स्वागत

घरीं पाहुणा यावयाचा असला म्हणजे आपण ओसरी सारवितों, पाणी भरून ठेवितों, आणि तो प्रवासानें शिणला असेल म्हणून त्याला प्रथम विसांवा देतों. परसांतील पेटींत मधमाश्यांची नवी वसाहत आणावयाची ती याच रीतीनें. हा पाहुणा मात्र मानी आहे. आदरातिथ्यांत चूक झाली तर निरोप न घेतांच निघून जातो.

सह्याद्रीच्या प्रदेशांत पेटींत पाळण्याजोगी देशी माशी म्हणजे सातेरी. आग्यामाशी उघड्यावर एकच मोठें पोळें बांधते, तिला पेटी मानवत नाहीं. सातेरी झाडाच्या ढोलींत समांतर पोळीं बांधून राहते, म्हणून पेटींत रमते. १८५१ सालीं लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकानें असें ताडलें कीं, चौकट व पेटीची भिंत यांमध्यें माशीला जाण्यापुरतीच वाट ठेविली तर ती तेथें पोळें बांधीत नाहीं. यावरून उचलून पाहतां येणाऱ्या चौकटींची पेटी निघाली. पुढें १९११ ते १९१७ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानांत फादर न्यूटन यांनीं आपल्या लहान देशी माशीस साजेल अशी लहान पेटी सिद्ध केली व खेड्यांतील लोकांस ती वापरण्यास शिकविलें.

पाहुणा येण्यापूर्वीं घर तयार हवें. पेटीवर सकाळचें कोवळें ऊन यावें, दुपारीं सावली असावी व वाऱ्यास आडोसा असावा. तिवईच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहींत. जवळच उथळ भांड्यांत पाणी भरून त्यांत खडे घालावे. माश्या खड्यांवर बसून पाणी पितात, बुडत नाहींत. भर पावसाळ्यांत फुलोरा नसतो, म्हणून त्या दिवसांत वसाहत आणूं नये. पाऊस सरून रानांत व शेतांत फुलें येऊं लागलीं म्हणजे आणावी.

वसाहत घेण्यापूर्वीं चौकटी पाहाव्या. घरांच्या तळाशीं अंडीं दिसलीं तर राणी नांदती आहे असें समजावें. अळ्या पांढऱ्या व टवटवीत असाव्या. पिशवीसारख्या फुगून घरांतच मेलेल्या अळ्या दिसल्या तर ती वसाहत घेऊं नये. अशाच रोगानें १९९१-९२ पासून दक्षिण भारतांतील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या.

प्रवास सूर्यास्तानंतर करावा, कारण तेव्हां कामावर गेलेल्या माश्या घरीं परतलेल्या असतात. दारास बारीक जाळी लावावी, म्हणजे आंत हवा खेळते. चौकटी हलूं नयेत अशा बांधाव्या. नव्या जागीं पेटी ठेवून थोडा वेळ शांत होऊं द्यावी व मग अंधारांत दार उघडावें. सकाळीं माश्या पेटीकडे तोंड करून हवेंत फेऱ्या घालतांना दिसतील. त्या नव्या घराच्या खुणा ध्यानांत ठेवीत असतात. पेटी जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर हलविली तर जुन्या खुणांवरून त्या पूर्वीच्याच ठिकाणीं परत जातात, हें विसरूं नये.

पहिले कांहीं दिवस सायंकाळीं साखरेचा पाक पेटीच्या आंतच ठेवावा. तो बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतींतील माश्या लूट करण्यास येतात. दार लहान ठेवावें, म्हणजे पहारा करणें सोपें जातें. राणीस अडविणारी जाळी दारास थोडे दिवस लावितां येते, परंतु ती कायमची ठेवूं नये. नरमाश्या तिच्यांतून जाऊं शकत नाहींत.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. पहिली पेटी आली तेव्हां आम्हां भावंडांस धीर धरवेना. राणी कशी दिसते हें पाहण्यासाठीं आम्हीं रोज झांकण काढूं लागलों. शेजारच्या मुलांनाही बोलावून आणलें. वडील म्हणत, "अरे, त्यांना घर तरी लागूं द्या." पांचव्या दिवशीं दुपारीं मोठा गुणगुणाट झाला व सारी वसाहत कुंपणापलीकडे उडून गेली. मागें रिकामीं पोळीं राहिलीं. त्या रात्रीं वडिलांनीं आम्हांस रागाचा एक शब्दही सांगितला नाहीं. तेंच अधिक लागलें.

दुसऱ्या वसाहतीच्या वेळीं आम्हीं आठवडाभर झांकणास हात लाविला नाहीं. दूर एका बाजूस बसून केवळ दार पाहत असूं. माश्या पायांवर परागाचे पिवळे गोळे घेऊन आंत जाऊं लागल्या. पराग हें पिलांचें अन्न. तो आंत जाऊं लागला म्हणजे बहुधा घरांत पिलें वाढत आहेत. झांकण न काढतांच आम्हांस राणीचें कुशल कळलें.

पालकांस एक विनंती. मुलांस पेटीजवळ एकटें पाठवूं नये, आणि दंशानें ज्यास धाप लागते किंवा सर्वांगावर पित्त उठतें, त्यास विलंब न करतां डॉक्टरांकडे न्यावें.

मधाची घाई नसावी. पहिल्या हंगामांत वसाहतीस स्वतःचा संसार उभारावयाचा असतो. पाहुण्याच्या ताटांतील घास आपण उचलूं नये. परमेश्वरानें या इवल्या जिवांस उद्योग दिला आहे. त्यांचे यजमान होऊं इच्छिणाऱ्यानें आधीं धीर शिकावा.