शर्यतपथासाठी मोटार : निवडीचा विचार

कलाशाखेच्या वार्षिकांकात मोटारीवर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय अभियांत्रिकीच्या मुलांचा, आपण कशाला त्यात पडायचे, असाही प्रश्न कोणी विचारील. परंतु माझ्या मते हा विषय यंत्राइतकाच निवडीचाही आहे. मर्यादित पैसा, मर्यादित वेळ आणि एकच जीव, एवढ्या भांडवलावर माणसाने काय घ्यावे आणि काय सोडावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परका नाही. म्हणून केवळ शर्यतपथावर चालवण्यासाठी स्पोर्ट्स कार निवडायची झाल्यास कोणत्या क्रमाने विचार करावा, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

प्रथम शर्यतपथ म्हणजे काय ते स्पष्ट करू. रहदारी नसलेला, एकाच दिशेने धावण्याचा, कडेला मोकळी जागा व संरक्षक भिंती असलेला बंदिस्त डांबरी मार्ग म्हणजे शर्यतपथ. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगचा उत्तरेकडील मार्ग १९२७ साली खुला झाला. त्याची लांबी सुमारे २०.८ किलोमीटर आहे. आपल्या देशात चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील मार्ग १९९० पासून, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ पासून आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग २०११ पासून आहे. शर्यतीत भाग न घेता, ठरावीक शुल्क भरून आपली गाडी अशा मार्गावर चालवण्याची सोय जगात अनेक ठिकाणी असते. या हौसेसाठी वेगळी गाडी बाळगणारे लोक इंग्लंड, जर्मनी, जपान व अमेरिका या देशांत पुष्कळ आहेत.

सर्वसाधारण समजूत अशी की, जिचे एंजिन अधिक अश्वशक्तीचे ती गाडी अधिक चांगली. ही समजूत सरळ रस्त्यापुरती खरी आहे. शर्यतपथावर मात्र वळणे असतात, आणि वळणावर एंजिनापेक्षा टायरचे घर्षण महत्त्वाचे ठरते. साधा हिशेब करून पाहू. वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि टायर व डांबर यांच्यातील घर्षणांक १ धरला, तर गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने ते वळण घेऊ शकते. घर्षणांक १.२ झाला की हाच वेग ताशी ८७ किलोमीटरपर्यंत जातो. या समीकरणात एंजिनाची शक्ती कोठेही येत नाही. शंभर अश्वशक्तीची गाडी असो वा पाचशेची, टायरची पकड सुटली की दोघींची गत एकच.

येथे जिज्ञासू वाचक म्हणेल की या समीकरणात गाडीचे वजनही येत नाही, मग हलक्या गाडीचे एवढे कौतुक का? शंका योग्य आहे. पाठ्यपुस्तकात घर्षणांक स्थिर मानतात. रबरी टायरचा मात्र तो भारानुसार बदलतो. टायरवर भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. म्हणून तेच टायर हलक्या गाडीला अधिक चांगले धरून ठेवतात आणि झिजतातही कमी.

वजनाचा दुसरा आणि अधिक गंभीर परिणाम ब्रेकवर होतो. हजार किलोची गाडी ताशी १८० किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर आणताना साडेदहा लाख ज्यूल गतिज ऊर्जा नाहीशी करावी लागते. दीड हजार किलोच्या गाडीला हाच आकडा पावणेसोळा लाखांच्या घरात जातो. साडेदहा लाख ज्यूल म्हणजे किती? एवढ्या उष्णतेत तीन लिटर पाण्याला, म्हणजे वीसेक कप चहाच्या आधणाला, उकळी येईल. यातील बहुतेक उष्णता काही सेकंदांत ब्रेकच्या तबकड्यांत शिरते, आणि पुढचे वळण आले की पुन्हा तेच. रस्त्यावर ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळते, शर्यतपथावर ती मिळत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शिरल्यावर त्याच प्रतीची किमान अट १५५ अंशांवर येते. तेल उकळले की त्यात वाफ धरते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक तळाला टेकूनही गाडी थांबत नाही. शर्यतपथावरील गाडीत प्रथम खर्च एंजिनावर न करता ताज्या तेलावर आणि उष्णता सोसणाऱ्या ब्रेक पॅडवर करावा, असे जाणकार सांगतात ते यासाठी.

आता एंजिन कोठे असावे याचा विचार करू. आपल्या बैलगाडीवाल्यांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माल पुढे जास्त झाला तर भार बैलांच्या मानेवर येतो, मागे जास्त झाला तर गाडी उलार होते. मोटारीतही भाराची वाटणी गाडीचा स्वभाव ठरवते. त्याची तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण जर्मनीच्या पोर्शे ९११ चे. १९६३ साली प्रथम लोकांपुढे आलेल्या या गाडीचे एंजिन मागील आसाच्याही मागे असते. त्यामुळे वळणातून बाहेर पडताना मागची चाके जमीन घट्ट धरतात व गाडी जोराने पुढे झेपावते. परंतु ऐन वळणात घाबरून चालकाने अॅक्सिलरेटर एकदम सोडला, तर भार पुढे सरकतो, मागची पकड सैल होते आणि जड शेपूट बाहेर फिरू लागते. नव्या आवृत्त्यांत हा दोष पुष्कळ काबूत आणला आहे, पण गाडीही महाग आणि तिचे सुटे भागही महाग.

दुसरे उदाहरण इंग्लंडच्या लोटस एलिसचे. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) यांचा भर शक्ती वाढवण्यापेक्षा वजन घटवण्यावर होता. ते गेल्यानंतर १९९६ साली आलेली एलिस त्याच विचाराची. एंजिन आसनांच्या मागे, पण मागील आसाच्या पुढे. वजन सुमारे सव्वासातशे किलो, एंजिन १.८ लिटरचे, शक्ती ११८ अश्वशक्तीच्या आसपास. वळणे घेण्यात ही गाडी अतिशय चपळ. मात्र मधल्या एंजिनाची गाडी पकड सुटल्यावर पटकन गरकन फिरते. नवख्याला सावरायला अवधी थोडा मिळतो. शिवाय तिचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले आहे.

तिसरे उदाहरण जपानच्या माझदा एमएक्स-५ चे. ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. एंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि दोन्ही आसांवर भार जवळजवळ निम्मा निम्मा. पहिल्या पिढीचे एंजिन १.६ लिटरचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे. वजन साडेनऊशे ते हजार किलोंच्या दरम्यान. स्वार आणि घोडा एकजीव असावेत, अशी जपानी कल्पना तिच्या रचनेमागे सांगितली जाते. २०१६ सालापर्यंत अशा दहा लाख गाड्या तयार झाल्या. त्यामुळे परदेशात तिचे जुने भाग मुबलक मिळतात आणि तिच्या खोडी सर्वांना पाठ असतात.

कागदावर एलिस सरस दिसते. चालकाचे वजन ७५ किलो धरले, तर एका टनामागे एलिसला सुमारे १४७ आणि ९६५ किलोच्या एमएक्स-५ ला सुमारे ११० अश्वशक्ती मिळते. तरीही केवळ शर्यतपथासाठी पहिली गाडी घेणाऱ्याला मी एमएक्स-५ सारखीच गाडी सुचवीन. ती पकड सोडण्यापूर्वी इशारा देते आणि चूक केल्यास सावरू देते. तिच्यात चालकाची चूक शक्तीखाली झाकली जात नाही. जोरकस गाडीत वळण चुकले तरी पुढच्या सरळ पट्ट्यावर एंजिन ती तूट भरून काढते आणि चालकाला वाटते, आपण उत्तम चालवले. कमी शक्तीच्या गाडीत गमावलेला वेग सहजी परत मिळत नाही, म्हणून तो गमवायचा नाही हे शिकावेच लागते.

अर्थशास्त्रात संधी-परिव्यय नावाची कल्पना आहे. एका गोष्टीवर पैसा घातला की त्याच पैशात मिळू शकणारी दुसरी गोष्ट आपण सोडतो. ती सोडलेली गोष्ट हीच खरी किंमत. गाडीवर सर्व पुंजी घालणारा टायर, पॅड, तेल, मार्गाचे शुल्क आणि शिक्षकाची फी यांवर पाणी सोडतो. त्याच्याकडे गाडी असते, फेऱ्या नसतात. म्हणून माझी सूचना अशी की, हाती असलेल्या रकमेतील निम्म्याहून अधिक गाडीवर घालू नये. तसेच जी गाडी भिंतीवर आदळून भंगारात गेली तरी घर बसणार नाही, तीच घ्यावी. कारण साध्या विमा-पॉलिसीत शर्यत व वेगाच्या चाचण्या सहसा वगळलेल्या असतात.

जुनी गाडी पाहताना रंग व सजावट शेवटी पाहावी. सांगाडा सरळ आहे का, गंज कोठे धरला आहे, चाकांचे बेअरिंग वाजते का, एंजिन तापते का, हे आधी तपासावे. लांब वळणात तेल टाकीच्या एका बाजूला सरकते व पंप हवा ओढू लागतो. अशाने बेअरिंग जळतात. म्हणून शर्यतपथावर वापरलेल्या गाडीचे तेल कधी कधी बदलले, हे जरूर विचारावे. गाडी उघड्या टपाची असेल तर उलटल्यास डोके वाचवणारी भक्कम पोलादी कमान आधी बसवावी. तशी कमान नसताना शर्यतीचे चार-पदरी पट्टे लावणे उलट घातक, कारण गाडी उलटल्यावर ते शरीराला बाजूला झुकू देत नाहीत.

आपल्याकडे एमएक्स-५ कंपनीमार्फत विकली गेलेली नाही. परंतु तत्त्व तेच राहते. भारतातील शर्यतींत मारुती एस्टीम, होंडा सिटी, फोक्सवागन पोलो अशा साध्या गाड्यांचा वापर झाला तो उगाच नव्हे. वजन बेताचे, भाग हाताशी, मेकॅनिकला ओळख, या गोष्टी तेथेही होत्या.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वेगाची ओढ तरुणपणी स्वाभाविक आहे. तिची निंदा करून ती जात नाही. ही ओढ आज आपली मुले घाटात आणि द्रुतगती मार्गावर भागवतात, जेथे समोरून दुसऱ्याचे कुटुंब येत असते. शर्यतपथ हा त्या ओढीला दिलेला आखीव अवकाश आहे. तेथे चूक झाली तर किंमत शक्यतो चूक करणाऱ्यानेच मोजावी, अशी त्याची रचना असते. म्हणून गाडी निवडताना पहिला प्रश्न 'किती वेगाने जाईल?' हा नसावा. 'ही मला काय शिकवील, आणि माझ्या चुकीची किंमत कोण भरील?' हा असावा. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याने प्रामाणिकपणे दिली, त्याला गाडीचे नाव कोणी सांगावे लागणार नाही.