यष्टिरक्षिका सुलक्षणा नाईक

क्रिकेटचा सामना पाहावयास बसलेला मनुष्य फलंदाजाकडे पाहतो, गोलंदाजाकडे पाहतो. यष्टींमागे वाकून बसलेल्या खेळाडूकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. झेल सुटला म्हणजेच त्या खेळाडूची आठवण होते. जे काम नीट झाले असता कोणाच्या ध्यानात येत नाही व चुकले असता सर्वांच्या ध्यानात येते, अशा कामाने मनुष्याच्या अंगी कोणते गुण येतात, हे एका मराठी खेळाडूच्या उदाहरणावरून आपण पाहू.

प्रथम त्या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे सुमारे २० मीटर लांब असते. तिच्या एका टोकाकडून गोलंदाज चेंडू टाकतो, दुसऱ्या टोकास फलंदाज असतो व त्याच्या पाठीमागे यष्टिरक्षक. क्षेत्ररक्षण करणाऱ्या अकरा जणांत हातमोजे घालण्याची मुभा त्या एकालाच आहे. गोलंदाजी वेगाची असेल तर तो यष्टींपासून दूर उभा राहतो. फिरकी असेल तर यष्टींना अगदी लागून बसतो. जवळ बसणे हे अधिक कठीण. कारण फलंदाजाच्या अंगाआड चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. फलंदाज धाव घेण्याचा विचार नसता रेषेबाहेर गेला आणि यष्टिरक्षकाने चेंडू धरून तत्क्षणी बेल्स उडविल्या, तर तो यष्टिचीत होतो.

या कामात घाई उपयोगी नाही. चेंडूचा टप्पा पडून तो वर येऊ लागला म्हणजे त्याच्याबरोबर उठावयाचे. अगोदर उठल्यास खाली राहिलेला चेंडू हातांखालून निघून जातो. हातांनी चेंडूवर झडप घालावयाची नाही, तर तो हातांत येऊ द्यावयाचा व त्याच्याबरोबर हात किंचित मागे न्यावयाचे. ५० षटकांच्या डावात ३०० चेंडू पडतात. तेव्हा निदान तितक्या वेळा बसावयाचे व उठावयाचे. खो-खोमध्ये पाठीवर ‘खो’ मिळण्याची वाट पाहत बसलेला गडी जसा सावध असतो, तशी सावधगिरी यष्टिरक्षकास डाव संपेपर्यंत ठेवावी लागते. शिवाय एवढे झाल्यावर त्याला फलंदाजीही करावयाची असते.

आता सुलक्षणाबाईंविषयी. त्यांचा जन्म १० नोव्हेंबर १९७८ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या जन्मापूर्वी पाचच वर्षे, १९७३ साली, भारतीय महिला क्रिकेट संघटनेची स्थापना झाली होती. त्याच वर्षी पुण्यास स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९७६ साली भारतीय स्त्रियांनी वेस्ट इंडीजविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघटनेजवळ द्रव्यबळ नव्हते. खेळाडू आपले सामान आपणच उचलून आगगाडीच्या साध्या डब्यातून प्रवास करीत. स्त्रियांच्या क्रिकेटचा कारभार २००६ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आला, व त्यानंतर परिस्थिती हळूहळू पालटू लागली.

सुलक्षणाबाईंचा आंतरराष्ट्रीय खेळ या दोन्ही काळांत पसरलेला आहे. २००२ ते २०१३ या अवधीत त्यांनी भारताच्या वतीने २ कसोटी, ४६ एकदिवसीय व ३१ वीस षटकांचे सामने खेळले. त्याच सुमारास अंजू जैन, करुणा जैन यांसारख्या निष्णात यष्टिरक्षिका होत्या. लातूरहून धाराशिव ओलांडले की लागणाऱ्या सोलापुरात जन्मलेल्या अनघा देशपांडे यांनीही भारतासाठी हेच काम केले. जागा एक व योग्य उमेदवार अनेक, अशा स्थितीत अकरा वर्षांच्या अवधीत पुनःपुन्हा निवड होणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग खेळ थांबल्यानंतरचा आहे. २०२० साली नियामक मंडळाने मदनलाल व रुद्रप्रताप सिंह यांच्याबरोबर त्यांना क्रिकेट सल्लागार समितीवर नेमले. प्रशिक्षक व निवड समितीचे सदस्य यांची पारख करणे हे या समितीचे काम. २०२१ साली राहुल द्रविड व २०२४ साली गौतम गंभीर यांची पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी निवड झाली, तेव्हा निवड करणाऱ्यांत सुलक्षणाबाई होत्या. ज्या देशात मुलीने बॅट हाती धरली तर लोक हसत, त्याच देशात एका स्त्रीने पुरुषांच्या संघास गुरू निवडून द्यावा, हा पालट लक्षात ठेवण्याजोगा आहे. यष्टींमागे बसणाऱ्यास सारे मैदान समोर दिसते. गोलंदाज थकला की काय, फलंदाजाचा पाय कोठे पडतो, हे तो प्रथम जाणतो. अशा निरीक्षणाची सवय पुढे पारख करण्याच्या कामी आली असल्यास नवल नाही.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. २०२२ साली नियामक मंडळाने स्त्रिया व पुरुष यांचे सामन्याचे मानधन सारखे केले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय स्त्रियांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना होती. सांगली, सोलापूर येथील मुली जेथे पोहोचल्या, तेथे नांदेड-लातूरच्या मुलींनी पोहोचू नये असे काही नाही. मात्र सायंकाळी घरकामातून एक तास त्यांना मोकळा मिळाला पाहिजे, आणि तो तास देणे पालकांच्याच हाती आहे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी प्रत्येकास मैदानाच्या मध्यभागी स्थान मिळेलच असे नाही. कोणास पाठीमागे बसावे लागेल. तेथेही प्रत्येक चेंडूस सावध राहणे तुमच्या स्वाधीन आहे. आणि जो असा सावध राहतो, त्याच्यावर पुढे मोठी कामे सोपविताना लोकांना शंका वाटत नाही.