घरात शी-शू करणारा कुत्रा: सवय लावायला किती खर्च येतो?

सात-आठ महिन्यांचा कुत्रा तासभर बाहेर फिरून येतो आणि दारातून आत आल्या आल्या सतरंजीवर शू करतो. हे रोजचं झालं की काही घरं फिनाइलने फरशी पुसत दिवस ढकलतात, तर काही वैतागून तीस हजारांचं ट्रेनिंग पॅकेज घेतात. दोन्हीकडे पैसे जातात आणि बऱ्याचदा कुत्रा होता तिथेच राहतो. या कामात किती खर्च केला यापेक्षा कोणत्या क्रमाने केला, हे महत्त्वाचं. तो क्रम आधी डॉक्टर, मग सफाई, मग घरातल्या माणसांचा वेळ आणि सर्वांत शेवटी ट्रेनर, असा ठेवा.

खालचा हिशेब पुणे-मुंबईतल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याचा आहे. आकडे अंदाजाचे आहेत. भागानुसार आणि दवाखान्यानुसार दर बदलतात, म्हणून फोन करून आधी विचारून घ्या.

पहिला खर्च डॉक्टरांचा

सवय लागलेली असताना कुत्रा पुन्हा घरात शू करू लागला, दिवसात बरेचदा थोडी थोडी करतो, किंवा झोपेतच अंथरूण ओलं होतं, तर प्रशिक्षणाचा विचार बाजूला ठेवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर जगातला कोणताही ट्रेनर उपयोगाचा नाही. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्या मादी पिल्लांत मूत्रवाहिनीचा जन्मजात दोष आढळतो. अशा पिल्लाची शू झोपेत गळते. पातळ शी होत असेल तर जंत किंवा बदललेलं खाणं हे कारण असू शकतं.

खासगी दवाखान्यात तपासणीचे ४०० ते १,००० रुपये आणि लघवी तपासणीचे साधारण ३०० ते ७०० रुपये होतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्थांत खर्च बराच कमी येतो. लघवीचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घेऊन गेलात, तर दुसरी खेप वाचते.

पाहुणे आले किंवा कोणी अंगावर वाकलं की कुत्रा कान पाडून, अंग चोरून थोडी शू करत असेल, तर ती भीतीने किंवा अतिआनंदाने झालेली असते. तिच्यासाठी पैसे खर्च करू नका. दारात त्याच्याकडे लक्ष न देता आत या आणि तो शांत झाल्यावर जवळ घ्या. वयाबरोबर बहुतेकांची ही सवय सुटते.

सफाई: सर्वांत वसूल होणारे पैसे

आपल्याला फिनाइलचा वास येतो, कुत्र्याला त्याखाली लपलेला शूचा वास येतो. त्याच्या नाकाला ती जागा अजूनही शूचीच जागा असते. अमोनिया असलेली क्लीनर तर आणखी वाईट, कारण शूलाही अमोनियाचाच वास असतो. शिवाय फिनाइलने पुसलेल्या फरशीवर चालून पाय चाटले, तर ते पोटात जातं.

म्हणून एन्झाइम असलेलं पेट क्लीनर घ्या. अर्धा लिटरची बाटली साधारण ३५० ते ७०० रुपयांना मिळते. आधी जुन्या कपड्याने शू टिपून घ्या. क्लीनर भरपूर ओता, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या आणि मग पुसा. शहाबादी फरशीत आणि टाइल्सच्या सांध्यांत शू मुरते, तिथे हे दोनदा करावं लागतं. शू पुसताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या शूतूनही पसरतो.

इतर वस्तूंचा हिशेब असा:

- ट्रेनिंग पॅड: एक २० ते ४० रुपयांना. दिवसाला पाच वापरले आणि दर २५ रुपये धरला, तरी महिन्याचे ३,७५० रुपये होतात. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला पार्व्हो आजाराच्या भीतीने रस्त्यावर नेता येत नाही, तेव्हा पॅडचा उपयोग आहे. सहा महिन्यांच्या पुढच्या निरोगी कुत्र्याला पॅड देत राहिलात, तर घरात शू करणं चालतं हेच तो शिकतो. पिल्लासाठीही रद्दीचा जाड थर चालतो.
- गॅलरीतला ट्रे, कृत्रिम गवतासह: ८०० ते २,००० रुपये. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणि पावसाळ्यात उपयोगी.
- दारात लावायची जाळी किंवा घडीचं कुंपण: १,५०० ते ४,००० रुपये. कुत्रा नजरेच्या टप्प्यात राहतो. घरात लहान मुलासाठी आणलेली जाळी असेल तर नवी घेऊ नका.
- गादीवर घालायचं रबरी कापड: ३०० ते ५०० रुपये. सोफा नवीन भरून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.
- ‘इथेच शू कर’ स्प्रे: घेऊ नका. त्याच्या शूने भिजलेला कागद ठरलेल्या जागी ठेवला की तेच काम फुकट होतं.

वेळ: जो विकत मिळत नाही

पिल्लू जास्तीत जास्त किती तास धरू शकेल याचा ढोबळ अंदाज म्हणजे त्याच्या वयाचे महिने अधिक एक. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास ही टोकाची मर्यादा झाली. दिवसा त्याला दर दीड-दोन तासांनी न्यावंच लागतं. उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि झोपण्याआधी या वेळा कधीच चुकवू नका. जेवण ठरलेल्या वेळी द्या, म्हणजे शीची वेळही ठरते. शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

पट्टा लावून रोज एकाच जागी न्या. झाल्या झाल्या तिथेच, दोन-तीन सेकंदांत बक्षीस द्या. घरी येऊन दिलेलं बिस्किट कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. आणि झाल्यावर लगेच घराकडे वळू नका. शू केली की फिरणं संपतं, हे बरेच हुशार कुत्रे ओळखतात आणि शेवटपर्यंत धरून ठेवतात. बाहेर काहीच न करता घरात येऊन शू करणारा कुत्रा अनेकदा हेच शिकलेला असतो. आधी शू, मग फिरणं, असा क्रम ठेवा. दहा मिनिटांत काही केलं नाही तर घरी आणा, पट्टा हातातच ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या.

घरात शू केली म्हणून नाक घासणं, वर्तमानपत्राने मारणं यातून कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो आणि बाहेर तुम्ही शेजारी उभे असताना करत नाही. ज्याला हट्टी म्हणून हिणवलं जातं, तो बऱ्याचदा घाबरलेला असतो.

सुरुवातीला कुत्र्याला जाळी लावून एकाच खोलीत ठेवा. सलग दोन आठवडे घर कोरडं राहिलं की आणखी एक खोली मोकळी करा, मग पुढची.

माणसांचे दर

फिरवणारा: दिवसातून एकदा, महिन्याला २,५०० ते ५,००० रुपये. घरातले सगळे नोकरीला जात असतील, तर ट्रेनरच्या आधी हा खर्च करा. आठ-नऊ तास कोंडलेल्या कुत्र्याला दुपारी कोणी बाहेर नेलंच नाही, तर शिकवलेलं टिकणार कसं?

घरी येणारा ट्रेनर: एका वेळचे ७०० ते १,५०० रुपये, महिन्याचं पॅकेज ८,००० ते २०,००० रुपये. शी-शूच्या सवयीसाठी महिन्याचं पॅकेज सहसा लागत नाही. तीन-चार भेटींत तुमचं वेळापत्रक, घराची मांडणी आणि तुमच्या चुका पाहून सांगणारा माणूस पुरतो.

ठेवून घेऊन शिकवणारी केंद्रं: महिन्याला २५,००० ते ४५,००० रुपये, कधी त्याहून जास्त. या एका सवयीसाठी हा मार्ग सर्वांत कमी उपयोगाचा आहे. कुत्रा शिकतो ते त्या अंगणातल्या मातीवर, त्यांच्या वेळांना. तुमची फरशी, लिफ्ट आणि ऑफिसच्या वेळा त्याला परत आल्यावर नव्याने शिकाव्याच लागतात.

नसबंदी: खासगीत ५,००० ते १५,००० रुपये, प्राणिसंस्थांत कमी. मोठा होत असलेला नर पाय वर करून भिंतीवर, पडद्यावर खुणा करत असेल, तर पुष्कळ कुत्र्यांत याने फरक पडतो, सगळ्यांत नाही. योग्य वय डॉक्टरांना विचारा.

ट्रेनरला पैसे देण्याआधी विचारा

ट्रेनर म्हणून काम करायला कोणतीही ठरावीक पदवी लागत नाही, त्यामुळे चौकशी तुम्हालाच करावी लागते.

1. शिकवताना मला समोर बसू द्याल का?
2. चूक झाली तर कुत्र्याला काय करता? उत्तरात झटका देणारा, काट्यांचा किंवा गळा आवळणारा पट्टा आला, तर तिथेच नाही म्हणा.
3. आधी डॉक्टरांची तपासणी झाली का, हे तुम्ही विचारता का?
4. मध्येच थांबलो तर उरलेल्या भेटींचे पैसे परत मिळतील का? हे लेखी घ्या.

‘सात दिवसांत शंभर टक्के हमी’ देणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे एकदम न देता भेटीगणिक द्या आणि पावती घ्या. ठरलेली सेवा न देता पैसे अडवले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दोन महिन्यांचे तीन हिशेब

घरात दिवसभर कोणी तरी असतं: डॉक्टर ६००, लघवी तपासणी ५००, क्लीनरच्या दोन बाटल्या १,०००, जाळी २,५००, बक्षिसाचा खाऊ ६००, शी उचलायच्या पिशव्या ४००. एकूण ५,६०० रुपये.

स्वतः करूनही अडलं आहे: वरचं सगळं आणि ट्रेनरच्या चार भेटी प्रत्येकी १,००० रुपयांप्रमाणे. एकूण ९,६०० रुपये.

सगळे नोकरीला जातात: त्यात दोन महिने दुपारी फिरवणारा, महिना ३,००० रुपये. एकूण १५,६०० रुपये.

तिसरा हिशेबसुद्धा ठेवून घेणाऱ्या केंद्राच्या एका महिन्याच्या खर्चाहून कमी आहे. शिवाय यात कुत्रा स्वतःच्याच घरात शिकतो.

पाऊस आणि सोसायटी

जूनमध्ये सवय मोडते, कारण कित्येक कुत्रे ओल्या गवतावर पाय ठेवत नाहीत. पार्किंगच्या कडेला किंवा पत्र्याखाली एक कोरडी जागा मे महिन्यातच ओळखीची करून द्या. भर उन्हात डांबर तापतं, तेव्हा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर न्या.

लिफ्ट वापरायला सोसायटी मनाई करत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं ती सांगतात. पण शी उचलणं ही आपली जबाबदारी आहे. पिशवी नेहमी खिशात ठेवा. शेजाऱ्यांशी वाद यामुळेच कमी होतात.

पिल्लू अजून घरी आणलं नसेल तर

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. आईजवळ वाढलेलं पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करायला शिकतं. पिंजऱ्यात आपल्याच घाणीत बसवलेलं पिल्लू हे विसरतं आणि त्याला शिकवायला जास्त महिने लागतात. म्हणून पिल्लू कुठे ठेवलंय ती जागा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि मोठा झाला, आता शिकणार नाही, असं म्हणून कुत्र्याला सोडून देऊ नका. प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो समजही चुकीचा आहे. मोठ्या कुत्र्याला धरून ठेवण्याची ताकद पिल्लापेक्षा जास्त असते, म्हणून वेळा पाळणाऱ्या घरात तो अनेकदा पिल्लापेक्षा लवकर शिकतो. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घ्या, परत येताना एन्झाइम क्लीनर आणा आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीची वेळ घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.